पार्किंगच्या कोब्याला इपॉक्सी कोटिंग: रंगाआधी काय करायचं?
इपॉक्सी म्हणजे नुसता रंग नाही. रेझिन आणि हार्डनर असे दोन डबे येतात. ते एकत्र केले की रासायनिक क्रिया होऊन कडक थर तयार होतो.

मी घरच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा लावलं, तेव्हा कोबा धुऊन दुसऱ्याच दिवशी रोलर फिरवला. काही आठवड्यांत चाकांखालचे पापुद्रे निघाले. ते खरवडण्यात दोन रविवार गेले! माल चांगला होता, ओल नडली.

म्हणून आधी टेस्ट करा. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने कोब्यावर चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर थांबा. नवीन काँक्रीटला तर निदान २८ दिवस द्या.

मग ऑइलचे डाग डिग्रीजरने काढा आणि कोबा ग्राइंडरने घासा. हाताला सँडपेपरसारखा लागला पाहिजे. गुळगुळीत कोब्यावर इपॉक्सी धरत नाही. मास्क हवाच, त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसांना घातक असते. सगळी धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या.

मिश्रण बनवून मोबाईल बघत बसू नका. बादलीत ते आपोआप तापतं आणि तिथेच घट्ट होतं. लगेच जमिनीवर ओतून पसरवा. गाडी मात्र डब्यावर लिहिलेले दिवस बाहेरच.