हलकेफुलके मनोरंजन : पळवाट की विसावा?

लोकलगाड्यांतून ज्या शब्दाची आरोळी ठोकून शेंगदाण्याच्या पुड्या विकल्या जातात, तो 'टाइमपास' हा शब्द आता तरुणांच्या एकूण करमणुकीलाच चिकटला आहे. विनोदी मालिका, मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या चित्रफिती, संवाद पाठ झालेला जुना चित्रपट पुन्हा एकदा पाहणे, या साऱ्याची बोळवण या एकाच शब्दात होते. वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्यात नाराजी असते, तरुणांच्या तोंडी बेफिकिरी. परंतु वेळ 'घालवावा' लागण्याची पाळी तरुणांवर का येते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी क्वचितच विचारला जातो. तो विचारल्याशिवाय हलक्याफुलक्या मनोरंजनाची ओढ ही जबाबदारीपासूनची पळवाट आहे की थकलेल्या मनाचा विसावा, याचा निवाडा करता येत नाही.

प्रतीक्षेत अडकलेली पिढी

ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ क्रेग जेफ्री यांनी उत्तर प्रदेशातील मेरठ येथील सुशिक्षित बेरोजगार तरुणांचा अभ्यास करून २०१० मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नावच 'टाइमपास' असे आहे. पदवी हाती असूनही नोकरी नसलेले हे तरुण महाविद्यालयाच्या आवारात, चहाच्या टपरीवर तासन् तास काढत. त्यांचे रिकामपण आळसातून आलेले नव्हते, ते वाट पाहण्यातून आलेले होते, हे जेफ्री यांचे मुख्य प्रतिपादन. या वाट पाहण्यातून कंटाळा आणि वैफल्य येते, तसेच मैत्री आणि एकोपाही निर्माण होतो, असेही त्यांना आढळले.

महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. पुण्याच्या सदाशिव, नारायण पेठांतील अभ्यासिकांमध्ये राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षांसाठी ऐन उमेदीची वर्षे खर्च करतात. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, ती वारंवार लांबणीवर पडली. ११ मार्च २०२१ रोजी ती पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर होताच पुण्यात शेकडो उमेदवार रस्त्यावर उतरले. अखेर ती २१ मार्चला पार पडली. हा उद्रेक सर्वांना दिसला. त्याआधीचे जवळपास वर्षभर या मुलांनी बंद खोल्यांमध्ये, खानावळीच्या डब्यावर आणि घरून येणाऱ्या मोजक्या पैशांवर कसे काढले असेल, याची चर्चा फारशी झाली नाही. अशा काळात पुस्तक मिटल्यानंतर हात मोबाइलकडे जातो, यात नवल नाही.

आकडेवारीही हेच सांगते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ या वर्षात १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचे प्रमाण १०.२ टक्के होते. त्याच वर्षी १५ वर्षांवरील एकूण लोकसंख्येसाठी ते ३.२ टक्के होते. नोकरी मिळेपर्यंत लग्न नाही, स्वतंत्र घर नाही आणि घरातल्या निर्णयांत शब्दाला वजन नाही, अशा अवस्थेत हा वर्ग जगत असतो. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांचा तासभर विसर पडावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

हसण्याआडचा प्रश्न

तथापि, तरुणांना आवडणारे हलके मनोरंजन वास्तवापासून खरोखर किती दूर असते, हेही तपासून पाहायला हवे. या संदर्भात 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंत सबनीस यांनी लिहिलेला हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ मधील 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला होता. पुण्यात राहायला जागा न मिळाल्याने चार तरुणांपैकी दोघे बायकांचा वेष घेतात आणि जोडपी म्हणून घर मिळवतात, एवढेच त्याचे कथानक. त्यानंतर जन्मलेल्या पिढीलाही त्यातले संवाद मुखोद्गत आहेत.

हा चित्रपट निखळ करमणुकीचा मानला जातो आणि तो तसा आहेही. मात्र त्याच्या मुळाशी असलेली अडचण कल्पित नव्हती. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ मुळे जुनी भाडी गोठली होती आणि भाडेकरूला भक्कम संरक्षण मिळाले होते. त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की घरमालक नव्याने जागा भाड्याने द्यायला कचरू लागले. बाहेरगावाहून आलेल्या अविवाहित तरुणाला तर दारातूनच परतावे लागे. कॉट बेसिसवर किंवा ओळखीच्या एखाद्या खोलीत दाटीवाटीने राहणे, हाच त्याच्यापुढे मार्ग असे. हा कायदा जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. 'बॅचलर'ला जागा देण्याविषयीची नाखुशी मात्र अनेक गृहसंस्थांत आजही टिकून आहे.

याच दशकाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. संप विरत गेला, पण हजारो कुटुंबांची घडी विस्कटली आणि वडिलांच्या जागी मुलाने गिरणीत चिकटण्याची वाटही बंद झाली. 'सामना', 'सिंहासन' यांसारखे राजकीय चित्रपट मराठीने आदल्या दशकात पाहिले होते. गिरणगाव ओस पडू लागले, त्या काळात मात्र पडद्यावर अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाची लाट आली. एका गोष्टीमुळे दुसरी घडली, असे म्हणता येणार नाही. परंतु या विनोदपटांचे नायक पाहिले, तर ते बहुधा नोकरीच्या, जागेच्या किंवा पैशाच्या शोधात असलेले तरुणच आढळतात. समोरच्या तरुण प्रेक्षकाला आपलीच अडचण पडद्यावर दिसत होती. फरक एवढाच, की तिथे ती अडीच तासांत सुटत होती.

हा धागा पुढेही तुटलेला नाही. २०१५ मध्ये 'झी मराठी'वर सुरू झालेली 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मालिका मुंबईत एकाच घरात राहणाऱ्या सहा तरुण-तरुणींची होती. सासू-सुनांच्या गोष्टींना कंटाळलेला तरुण वर्ग तिच्याकडे वळला, तो घरापासून दूर असताना मित्रांचेच कुटुंब होते, या अनुभवामुळे. २०१६ पासून 'भाडिपा'सारख्या यूट्यूब वाहिन्यांनीही आई-मुलाची रोजची वादावादी आणि नोकरीतले त्रांगडे हेच विषय विनोदात आणले.

मनाची गरज काय?

करमणुकीतून विश्रांती मिळते, हा विचार नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडित झालेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असे म्हटले आहे. आधुनिक मानसशास्त्राने हीच गोष्ट प्रयोगांनी तपासली. जेनिंग्ज ब्रायंट आणि डॉल्फ झिलमन या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आधी ताण दिला, तर काहींना कंटाळवाणे काम करायला लावले. नंतर त्यांना दूरचित्रवाणीवर हवे ते पाहण्याची मुभा दिली. कंटाळलेल्यांनी उत्तेजक कार्यक्रम निवडले, तर ताणाखाली असलेल्यांचा कल शांत कार्यक्रमांकडे अधिक राहिला. मनाचा तोल सावरण्यासाठी माणूस नकळत योग्य कार्यक्रम निवडतो, असा त्याचा अर्थ.

पाहिलेलेच पुन्हा पाहण्यामागेही असेच कारण आहे. परिचित मालिका किंवा चित्रपट पाहताना पुढे काय होणार याची चिंता नसते, पात्रे ओळखीची असतात आणि डोक्याला कष्ट पडत नाहीत. अशा परिचित जगात काही काळ घालवल्यास थकलेला आत्मसंयम भरून येतो, असा निष्कर्ष जे डेरिक यांनी २०१३ मध्ये मांडला. दिवसभर अभ्यास करून आलेला विद्यार्थी रात्री जेवताना शंभरदा पाहिलेला विनोदी प्रवेश लावतो, तेव्हा तो हेच करत असतो.

पडदा न पडणारा खेळ

मग चिंता कशाची? नाटकाला तीन घंटा होत्या, मध्यंतर होते आणि शेवटी पडदा होता. चित्रपट संपला की दिवे लागत. मालिकेचा भाग संपला की पुढच्या भागासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे. करमणुकीच्या रचनेतच तिचा शेवट होता, आणि तो बहुतेकदा चारचौघांत होई.

मोबाइलने हा शेवट काढून टाकला. बोट सरकवत राहिले की नवा मजकूर येतच राहतो, ही रचना संगणक-अभिकल्पक एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये तयार केली. पुढे त्यांनीच तिच्याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ'ची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. जून २०२० मध्ये 'टिकटॉक'वर बंदी आली, तर जुलैमध्ये 'इन्स्टाग्राम'ने भारतात 'रील्स' सुरू केले. अॅप बदलले, सवय तशीच राहिली. इथे पडदा पाडण्याचे काम पाहणाऱ्यालाच करावे लागते आणि दिवसअखेर थकलेल्या मनाला नेमके तेच जड जाते. शिवाय हे पाहणे एकट्याचे, कानात इअरफोन घालून केलेले असते. मेरठच्या टपरीवर निदान सोबत होती.

फरक ओळखायचा कसा?

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फावल्या वेळातील छंदांचा अभ्यास करताना पलायनाचे दोन प्रकार सांगितले. एकात माणूस नकोशा भावना दडपण्यासाठी छंदात बुडतो. दुसऱ्यात चांगले काही अनुभवण्यासाठी त्यात रमतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात भावना तशाच राहतात, दुसऱ्यात माणूस ताजातवाना होऊन परततो. त्यामुळे 'किती वेळ पाहिले' या प्रश्नाइतकाच 'पाहून झाल्यावर कसे वाटले' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हसून झाल्यावर पुस्तक उघडावेसे वाटत असेल, तर तो विसावा. पाहणे थांबवण्याची भीती वाटत असेल, झोप उडत असेल, मित्रांचे फोन टाळले जात असतील, तर प्रश्न करमणुकीपुरता उरलेला नाही. अशा वेळी केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

पालकांसाठीही यात एक सूचना आहे. लिओनार्ड राइनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, थकलेल्या व्यक्ती करमणूक करताना 'आपण कामाची टाळाटाळ करतो आहोत' अशा अपराधी भावनेने ग्रासल्या, तर त्यांना त्या करमणुकीतून मिळणारी विश्रांती कमी होते. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी लाभते. 'सारखा काय तो मोबाइल' या रोजच्या बोलण्याने मोबाइल सुटत नाही. तासाभराचा विसावा मात्र वाया जातो. त्याऐवजी तोच विनोदी कार्यक्रम घरच्यांनी एकत्र बसून पाहिला, तर त्याला शेवट मिळतो आणि सोबतही.

तरुणांनी वास्तवाकडे पाठ फिरवू नये, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्यापुढे ठेवलेल्या वास्तवाचीही झाडाझडती घ्यायला हवी. परीक्षा वेळेवर झाली, निकाल वेळेवर लागला, नेमणूक लांबली नाही आणि परवडणाऱ्या भाड्यात खोली मिळाली, तर वेळ घालवण्याची गरज आपोआप कमी होईल. लोक तेव्हाही हसतील, पण निवडून आणि मोजक्या वेळापुरते.