नाणेघाटातला हिशोब

परवा शनिवारी नारायणगावला नाशिक हायवे सोडला आणि जुन्नरमार्गे नाणेघाट गाठला. आपटाळ्यानंतर गर्दी संपते, भातखाचरं सुरू होतात आणि गाडी थेट घाटमाथ्याजवळ जाते. (ट्रेकिंगचे बूट घालून आलेला मित्र जाम वैतागला!)

वर तो प्रसिद्ध दगडी रांजण. सातवाहन काळात कोकणातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा आणि जकातीची नाणी रांजणात पडायची, असं सांगतात. असो. मी अडकलो लेण्यात. सुमारे २,००० वर्षांपूर्वी नागनिका राणीने इथे भिंतींवर ब्राह्मीत यज्ञांची दक्षिणा कोरून घेतली: इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण. देशातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी हे आकडे, आणि त्यात शून्यच नाही! १०० ला एक चिन्ह, १,००० ला वेगळं. ४०० लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं जोडायचं. दिवसभर शून्य-एकवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. घरून ब्राह्मीचा तक्ता प्रिंट करून नेला होता. तासाभरात तीनच अक्षरं लागली: सि-मु-क. पहिला सातवाहन राजा. मित्र तोवर गाडीत झोपला होता.