बनशंकरी (बंगळूर) : कृषिभूगोल

बंगळूरच्या दक्षिण भागातील एक विस्तीर्ण वसाहत. कनकपुर रस्त्यावर १९१५ साली उभारलेल्या बनशंकरी देवीच्या मंदिरावरून हे नाव पडले. देवीचे मूळपीठ बदामीजवळ चोळचगुड्ड येथे असून, अनेक मराठी घराण्यांची ही कुलस्वामिनी म्हणजे अवर्षणात स्वतःच्या देहातून शाकभाजी उत्पन्न करून प्रजेला जगविणारी शाकंभरीच होय.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मी. उंचीवर, अर्कावती व दक्षिण पिनाकिनी यांच्या खोऱ्यांना विभागणाऱ्या जलविभाजकावर बंगळूर वसले असल्याने बारमाही नदी त्याच्या वाट्याला आली नाही. म्हणून वर्षाकाठी पडणारा साधारण ९७० मिमी. पाऊस बांध घालून अडवावा आणि एक तलाव भरला की त्याचे पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात उतरावे, अशी तलावांची साखळी पूर्वजांनी या उतारांवर निर्माण केली. बनशंकरीच्या परिसरातील यडियूर व सारक्की येथील तलाव या परंपरेतलेच. होसकेरेहळ्ळी या नावाचा तर अर्थच ‘नव्या तलावाचे गाव’ असा आहे. पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटणारा ‘नीरगंटी’ हा आपल्याकडील बलुतेदारासारखा गावकामगार असे. म्हैसूर संस्थानच्या महसुली दप्तरात जमिनीचे तरी, बागायत व खुष्की असे वर्ग होते : तलावाखालची तरी भाताची, विहिरीवरची बागायत भाजीपाल्याची आणि माळावरची तांबडी खुष्की नाचणीची. नाचणीच्या रानात तूर, कारळे व पावटा यांच्या ओळी (‘अक्कडी’) पेरण्याची रीत विशेष शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण पावसाने दगा दिला तरी एखादे पीक हाती लागे, द्विदलांमुळे जमिनीला नत्र मिळे, आणि नाचणी काढल्यावर हिवाळ्याच्या दवावर पावट्याला बहर येई.

नाशवंत माल शहराला लागून पिकतो, हा जर्मन अर्थशास्त्रज्ञ थ्यूनेन याचा १८२६ मधील सिद्धांत येथील मळ्यांना एके काळी लागू पडत होता. पुढे शहरविस्तारासाठी, विशेषतः १९७६ च्या कायद्याने बंगळूर विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर, आसपासच्या गावांची शेते संपादित होऊन त्यांचे भूखंड पडले आणि भाजीपाल्याचे वलय बाहेर सरकले. शेजारच्या बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी भरणारी शेंगदाण्याची जत्रा मात्र टिकून आहे; तिच्यासाठी शेंगा आता दुरून येतात.

या स्थित्यंतराचा सर्वांत दुःखद परिणाम वृषभावतीच्या काठी दिसतो. बसवनगुडीच्या नंदीमंदिराजवळ उगम पावणारी ही नदी शहराचे सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी घेऊन बिडदीजवळील बैरमंगल तलावात शिरते, आणि त्याच पाण्यावर तेथील शेतकऱ्याला शेती करावी लागते. भाताच्या खाचरांत चाऱ्याचे गवत, कोवळा मका व तुती आली, माती व भाजीपाला यांत जड धातू आढळले, विहिरीही नासल्या. बनशंकरीच्या पश्चिमेकडील घरांचे सांडपाणी याच प्रवाहाला मिळते.