कायदा
‘कायदा’ हा शब्द अरबी ‘काइदा’पासून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ ‘बसणे’; त्यावरून बैठक, पाया आणि पुढे नियम. ‘कायदेशीर’, ‘बेकायदा’, ‘कायदेमंडळ’ ही त्याचीच प्रजा. ‘कायद्याचे राज्य’ म्हणजे राज्यकर्ताही कायद्याला बांधील. याची खरी कसोटी 1975 मध्ये लागली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, तेव्हा संसदेने 39वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. ऐन आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीतले ते कलम रद्द केले, ही मोठीच गोष्ट. विशिष्ट वादाचा निवाडा करणे कायदेमंडळाचे काम नव्हे, हे त्या निकालाचे एक कारण होते. निवडणूक मात्र वैध ठरली.