ताईमहाराज प्रकरण : मृताच्या इस्टेटीचा वाद

लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत ताईमहाराज प्रकरणाला जे स्थान लाभले, ते मुख्यतः फौजदारी खटल्यामुळे. एका राजकीय विरोधकावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला जातो आणि अखेर तो निर्दोष सुटतो, ही कथा वाचकाच्या मनावर सहज ठसते. परंतु मुळात हा एका मृताच्या इस्टेटीचा वाद होता, आणि त्याचे चौदा वर्षांचे आयुष्य त्यावाचून उलगडत नाही.

पहिल्या प्रतीचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुणे येथे पटकीने निवर्तले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे आदिकरून स्नेह्यांवर इस्टेटीचा भार सोपविला. पत्नी गरोदर होती. पुत्र न झाल्यास किंवा होऊन न वाचल्यास विश्वस्तांच्या संमतीने तिने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. मुलगा झाला, पण काही आठवड्यांतच वारला. जून १९०१ मध्ये निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे जगन्नाथ यांचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी ते नाकारले आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरास श्रीनिवास ऊर्फ बाळामहाराज यांना दत्तक घेतले.

तत्पूर्वीच, जुलैमध्ये, प्रोबेट रद्द करावे असा अर्ज त्यांनी जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांजकडे केला होता. मृत्यूनंतर जन्मलेल्या पुत्रात इस्टेट निहित झाली, सबब व्यवस्थापकांचे काम तेथेच संपले, असा त्यातील युक्तिवाद होता. युक्तिवाद पोकळ नव्हता. मृताच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोठवर चालतो, हा खरा प्रश्न त्याने पुढे आणला. अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला, तरी त्यातून निघालेला फौजदारी खटला चालूच राहिला.

सप्टेंबर १९०३ मध्ये ताईमहाराज स्वतः वारल्या. आता वाद कोणाशी? १८८२ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याचे ३६१ वे कलम असे होते की, दाव्याचा हक्क टिकून असल्यास पक्षकाराच्या मृत्यूने दावा पडत नसे. १८८१ च्या प्रोबेटविषयक कायद्याच्या ८९ व्या कलमानेही मृताचे दाव्यासंबंधीचे हक्क व्यवस्थापकांकडे येत. अपवाद बदनामी, हल्ला आणि तत्सम इजा यांचा. अब्रू माणसाबरोबर जाते, मिळकत मागे राहते, असा तो भेद आहे. दत्तक खरा कोणता हा प्रश्न मिळकतीच्या वारशाचा असल्याने विधवेच्या मृत्यूने तो मिटणे शक्यच नव्हते. समोर बाळामहाराज उरले होते. फौजदारी खटल्यास तर तिचा मृत्यू आडवा येण्याचे कारणच नव्हते. त्यात टिळकांना ऑगस्ट १९०३ मध्ये झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने मार्च १९०४ मध्ये रद्द केली.

दिवाणी वाद मात्र याहून संथ चालला. १९०६ मध्ये पुण्याच्या प्रथम वर्ग सबजज्जांनी जगन्नाथांचे दत्तविधान खरे धरले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल उलटविला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. पण विश्वस्तपद एकट्याचे नव्हते आणि हक्क तर टिळकांचा नव्हताच. म्हणून त्यांच्या कारावासाने वाद संपला नाही. येथे चरित्रकारांचे लक्ष टिळकांच्या चिकाटीकडे जाते. ती चिकाटी खरीच. परंतु मृताची जबाबदारी पत्करलेल्या माणसास प्रतिकूल निकाल मुकाट्याने स्वीकारून बाजूस होण्याची मोकळीक फारशी नसते, हेही विसरून चालणार नाही.

मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सबजज्जांचा निकाल पुन्हा कायम केला. निकालपत्र लॉर्ड शॉ यांचे होते. साक्षीदारास खोटे ठरवावयाचे तर त्याच्यावरील आक्षेप उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवले पाहिजेत, हे त्यातील विवेचन पुढे भारतीय न्यायालयांत वारंवार उद्धृत झाले; वकीलवर्गात या निकालाची ओळख बहुधा तेवढ्यापुरतीच राहिली. कोल्हापूर संस्थानातील मिळकतीवर ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांची सत्ता नव्हती.