कातड्याचा हौद आणि प्रयोगशाळा

शिरोळ तालुक्यात मी बी.एस्सी.च्या वर्गाला सेंद्रिय रसायन शिकवतो. 'बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना' फळ्यावर लिहिली की मुले ती पाठ करतात. त्या नावामागचा माणूस आणि त्या विद्येमागचा समाज पाठ्यपुस्तकात कुठेच भेटत नाही.

कृष्णस्वामी व्यंकटरामन यांचा जन्म १९०१ चा, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली ते शिकले. लाहोरला अध्यापन करताना त्यांनी जी अभिक्रिया मांडली ती १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. बेकर यांनी ती स्वतंत्रपणे १९३३ मध्ये मांडली होती. आम्लारीच्या सान्निध्यात रेणूतला एक गट जागा सोडून दुसरीकडे जातो, पुढे आम्लाने फ्लेव्होन तयार होते. फ्लेव्होन म्हणजे वनस्पतींतल्या पिवळ्या रंगांचे घराणे. व्यंकटरामन १९३४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले आणि १९३८ मध्ये त्याचे प्रमुख झाले. १९५७ ते १९६६ ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. कृत्रिम रंगांवरची त्यांची ग्रंथमाला १९५२ पासून निघाली. हे कर्तृत्व मोठेच आहे.

पण याच रसायनाचे दुसरे टोक आमच्या जिल्ह्यात आहे. बाभळीच्या सालीतले टॅनिन हे फ्लेव्होनच्याच भाऊबंदांतले. ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा हौदात घालून कातडे कमावले. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला बांधते, म्हणून ते कुजत नाही. साल किती, पाणी किती, दिवस किती, हे हातांनी ठरवले. कोल्हापुरी चप्पल त्या ज्ञानावर उभी राहिली. रंगाऱ्यानेही मंजिष्ठाचा लाल रंग तुरटीने कापडावर पक्का केला. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम धातू रंगाला धरून ठेवते, हे प्रयोगशाळेने नंतर सांगितले.

मग एकाला आचार्य म्हटले आणि दुसऱ्याला विटाळ, हे कसे? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात, १९०२ मध्ये, याचे उत्तर दिले आहे. कारागिरी खालच्या जातींकडे ढकलली गेली, बुद्धिजीवी वर्गाने हात आखडले आणि विज्ञान थांबले. एक रसायनशास्त्रज्ञ जातिव्यवस्थेला विज्ञानाच्या ऱ्हासाचे कारण ठरवतो, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. राय यांनी रोग सांगितला, शाहूंनी दार उघडले.

ज्यांच्या बापजाद्यांनी हौद ढवळला त्यांच्या मुलांना प्रयोगशाळा दया म्हणून नको आहे. ती त्यांच्याच ज्ञानाची पुढची पायरी आहे. विज्ञानाचा इतिहास लिहिताना व्यंकटरामन यांच्या पानाशेजारी या हौदाचेही पान हवे. ते लिहिण्याचे काम आता आपल्याच विद्यार्थ्यांनी हाती घेतले पाहिजे.