अंगठी मोडावी की सांधावी?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं सराफ्यात कशाला शिरली? कारण घरगुती आहे, ते आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळू.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ. अंगणात घसरून पडल्या. हात मुरगळला, बोटं सुजली आणि अनामिकेतली साखरपुड्याची अंगठी रुतून बसली. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला, काही उपयोग झाला नाही. बोट निळं पडायला लागल्यावर अंगठी कापावी लागली. बोट वाचलं. अंगठी मात्र खालच्या बाजूनं उघडली, आणि आतल्या अंगाला कोरलेली तारीख मधोमध तुटली. अंगठी १९७७ सालची, बावीस कॅरेटची, वर एक लहानसा लाल खडा.

सूज उतरल्यावर आम्ही दोघं ती घेऊन पेढीवर गेलो. काउंटरवरच्या तरुणानं ती काट्यावर टाकली नि म्हणाला, "काका, हिच्यावर खर्च करू नका. पट्टी झिजलीय, खड्याला तर किंमतच नाही. मोडीत द्या, वजनाचे पैसे धरू, वर थोडी भर घाला आणि हॉलमार्कची नवी घ्या." बोलणं सरळ होतं, हिशेबही चुकीचा नव्हता. तरी आम्ही उठलो आणि घरी आलो. का उठलो, हे तेव्हा सांगता आलं नसतं. आज ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

त्या तरुणाचं म्हणणं एका अर्थी फार जुनं आहे. वेदान्तात सोनं आणि अलंकार हा दृष्टांत येतो. कडं काय, कुंडल काय, नावं नि आकार वेगळे. खरं ते सोनं. दागिना आटवला तर सोन्याचं काही बिघडत नाही. तराजू हेच म्हणतो. घरी येऊन आम्ही हे सौ.ना ऐकवलं, थोडं कौतुकानंच. त्या म्हणाल्या, "अहो, साखरपुड्याला तुम्ही माझ्या बोटात सोनं घातलं नव्हतं. अंगठी घातली होती."

या एका वाक्यात सगळा पेच आहे. अंगठी मोडून नवी घडवली तर द्रव्य राहतं, आकार जातो. सांधली, तर आकार राहतो, पण द्रव्यात नवा तुकडा येतो. दोन्हीकडे थोडं काहीतरी जातंच. मग जपायचं काय?

इतिहासाला विचारलं, तर पहिलं उत्तर असं मिळतं, की वाग्दानाची अंगठी सोन्याची असलीच पाहिजे असंही नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवतो, की त्याच्या काळीही वाग्दत्त वधूला अंगठी पाठवत ती लोखंडाची, आणि तीही बिनखड्याची. रोममध्ये सोनं कमी होतं म्हणून नव्हे. जुनी रीत तशी होती म्हणून. आपल्याकडे तर नावातच पाहा, साखरपुडा! पुडा साखरेचा. अंगठ्या घालण्याची रीत त्यात मागाहून शिरली आणि आता तीच मुख्य होऊन बसली आहे.

हिऱ्याचं तर आणखी अलीकडचं. दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर हिऱ्यांचे मोठे साठे सापडले, माल भरपूर झाला. १९४७ साली अमेरिकेत 'डी बीअर्स' कंपनीसाठी एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी हिरा चिरंतन असल्याचं ते प्रसिद्ध घोषवाक्य लिहिलं. आज जगभर लाखो माणसं ज्याला परंपरा समजतात, तिच्यामागं एक जाहिरात आहे. तेव्हा अमुकच धातू, अमुकच खडा, ही गोष्ट पवित्र नव्हे. ती बदलत आली आहे. पण कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

हे विचारण्याची पाळी आपल्या देशात एकदा कायद्यानंच आणली. १९६२ च्या चीन युद्धानंतरचे दिवस. परकीय चलनाची टंचाई, सोन्याची चोरटी आयात. अर्थमंत्री मोरारजी देसाई. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवण्याला बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत सोनं चौदा भाग, बाकी दहा भाग दुसरा धातू. लोकांची सोन्याची ओढ कमी होईल, असा हिशेब होता. ओढ कमी झाली नाही. सोनारांच्या चुली मात्र विझल्या. देशभर कारागीर बेकार झाले, काहींनी जीव दिला.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. आईची एक पाटली त्याच सुमारास तडकली होती. मोडून नवी करावी तर ती चौदा कॅरेटची होणार. आई म्हणाली, "लेकी-सुनांना काय पितळ देऊ?" पाटली तशीच फडक्यात बांधून डब्यात गेली.

पुढं त्याच वर्षी सरकारला नियम सैल करावा लागला. गिऱ्हाइकाचे जुने दागिने मोडून त्यांचेच दागिने पूर्वीच्या शुद्धतेत घडवण्याची मुभा मिळाली. मंडळी, इथं क्षणभर थांबू. कायदा काय म्हणतोय? नवा दागिना वेगळा आणि जुन्यातून केलेला दागिना वेगळा. दोन्ही मुशीतूनच निघाले, दोन्ही कोरे चकचकीत. पण एकाला मागचं आयुष्य आहे. तराजूला न कळणारा हा फरक सरकारी नियमाला मान्य करावा लागला, कारण तो लोकांच्या मनात पक्का होता. चौदा कॅरेटची अट १९६६ साली उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० मध्ये रद्द होईपर्यंत राहिला.

मुभा मिळाली, तोवर आमच्या आळीतले सोनार धंदा सोडून गेले होते. पाटली डब्यातच राहिली. १९७७ साली आमचा साखरपुडा ठरला, तेव्हा आईनं ती बाहेर काढली. अंगठी झाली ती तिच्यातून.

म्हणजे बघा, जी अंगठी मोडू नये म्हणून आम्ही पेढीवरून उठून आलो, ती स्वतःच एक मोडलेली पाटली होती. आईनं ती मोडली, तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही. मग मोडणं वाईट आणि सांधणं चांगलं, असा सरसकट नियम आम्हांला करता येणार नाही. फरक कुठं आहे? १९६३ मध्ये 'बदला' असं नियमानं सांगितलं होतं, आईनं ऐकलं नाही. १९७७ मध्ये तिचं तिनंच ठरवलं, आणि कोणासाठी मोडतोय हे तिला ठाऊक होतं.

कालिदासाच्या 'शाकुन्तला'तली अंगठी सर्वांना माहीत असते. महाभारतातल्या मूळ कथेत ती नाही, कालिदासानं आणली. तिथं दुसरी तशीच अंगठी चालली नसती. शाप उतरायला तीच हवी होती. पण शेवटच्या अंकात काय होतं, याकडे आपलं लक्ष कमी जातं. सापडलेली अंगठी दुष्यंत पुन्हा शकुंतलेला देऊ करतो आणि ती नको म्हणते. आता या अंगठीवर तिचा भरवसा नाही, राजानंच ती घालावी. राजाला वस्तू मिळाली होती, पण तिच्याविषयी शेवटचा शब्द जिच्या बोटात ती होती तिचा. आमच्या मते या विषयातली सर्वांत शहाणी ओळ तिथं आहे.

तेव्हा आम्ही वेदान्त बाजूला ठेवला आणि सौ.ना विचारलं, "तुम्हांला काय हवं?" हा प्रश्न पेढीवरच विचारायला हवा होता. त्या म्हणाल्या, "मला बोटात घालता येईल अशी हीच हवी."

एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि आधी तोटे सांगितले. सांध्याला डाग द्यायचा, तर डागाचा धातू मूळ सोन्याआधी वितळायला हवा, म्हणून त्यात तांबं-चांदी थोडी जास्त. पुढं कधी मोडीत दिलीत तर तेवढी घट धरतील. बोट आता जाड झालंय, तेव्हा मध्ये बावीस कॅरेटचा तुकडा घालावा लागेल. खड्याला धरून ठेवणारी नखंही झिजली आहेत, ती उचलून द्यावी लागतील. आणि तारीख जुळणार नाही, मध्ये कोरी जागा राहील. हॉलमार्कचं विचारलं तर म्हणाले, तो नियम विकणाऱ्या दुकानदारासाठी. घरातला जुना दागिना त्यामुळं खोटा होत नाही.

मराठीत 'डाग' म्हणजे ठिपका, डाग म्हणजे सांधणारा जोड, आणि 'सोन्याचा डाग' म्हणजे दागिनासुद्धा. हे आम्हांला त्या दिवशी त्यांच्या दुकानात बसल्यावर प्रथमच जाणवलं.

अंगठी सांधून आली. जोडाची रेघ नीट पाहिली तर दिसते. कोऱ्या जागी तारीख पुन्हा कोरून घेऊ का, असं आम्ही विचारलं. सौ. म्हणाल्या, "राहू द्या. सून विचारील तेव्हा पडल्याची गोष्ट सांगता येईल."

आमच्यानंतर ती सून ही अंगठी मोडील, नातीसाठी दुसरं काही करील. करू दे. पाटलीची अंगठी झाली, तशी अंगठीची कर्णफुलं होतील. फक्त ते तिनं ठरवलेलं असावं, काउंटरवरच्या हिशेबानं नव्हे.

इथं थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.